मोजून वाढलेले धोंडे

मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, सौदा करताना मला एकच माणूस वरचढ ठरला. त्याला दुकान नव्हतं, गादी नव्हती, विकायला मूठभर ज्वारीसुद्धा नव्हती. ते माझे सासरे. बोरीच्या शाळेत हिसाब शिकवायचे आणि त्यांनी माझा एक धोंडा बुडवला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून खाऊ घालतात तो धोंडा, आत पुरण, वरून तूप. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मी म्हणतो, एवढीशी होती तर द्यायची होती.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, तसं मीही म्हणायचो. उंच, काटकुळे, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी आणि कोटाच्या खिशात सोनाराकडे असतो तसला लहानसा काटा. माणसं खिशात पानाची चंची ठेवतात, मामा तराजू ठेवायचे. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेलं. त्या पुस्तकांत क्यालरीला हरारा म्हणत. पुढं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, मराठी पुस्तकं आली आणि हराऱ्याचा उष्मांक झाला. मामांनी वर्गात उष्मांक शिकवला, पण घरात शेवटपर्यंत हरारेच शिजले.

त्यांच्या स्वयंपाकघरात देवाच्या फळीशेजारी भिंतीवर चुन्यानं कोष्टक लिहिलेलं होतं. भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, कण्या, ताक. प्रत्येकासमोर हरारे. शेंगदाण्याच्या चटणीचा आकडा सगळ्यात मोठा होता आणि मामा चटणीच्या वाटीकडं फरार आरोपी सापडल्यासारखं बघायचे. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरीचा गोळा थापायला घेत. मामा तो हातातून काढून घ्यायचे, काट्यात घालायचे, चिमूटभर पीठ कमी करायचे आणि परत द्यायचे.

"तवा तापायलाय," मामी म्हणायच्या.

"तापू दे. कच्च्या पिठातलं काढता येतंय. पोटातलं कोण काढणार?"

मामींनी या माणसाशी संसार कसा केला, हे कोडं मला फार दिवस पडलं होतं. मग एकदा त्या घरचा जेवणाचा क्रम बघितला आणि उलगडा झाला. मामांचा नियम होता, ज्याचं काम जास्त त्याचं ताट मोठं आणि तोच आधी बसणार. पहाटे जातं ओढणार मामी, आडाचं पाणी शेंदणार मामी आणि लेकी. म्हणून त्या घरात बायका आधी जेवायच्या, भरपेट, आणि मामा दारात उभे राहून त्यांना वाढायचे. मग स्वतः एक भाकरी घेऊन बसायचे. गावात लय बोभाटा होता. शेजारच्या पोलीस पाटलांनी एकदा तोंडावर विचारलं, "मास्तर, बायकोच्या मागून जेवता, लाज न्हाई वाटत?"

"पाटील, मी दिवसभर खुर्चीत बसून पोरांना भागाकार सांगतो. भागाकाराला किती हरारे लागत्यात? तुमी तर तेवढंबी करत न्हाईत."

पाटलांनी त्यानंतर त्या विषयाला हात घातला नाही.

या शिकवणीची झळ मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात लागली. परभणीत माझं एका खोलीचं बिऱ्हाड. मी दुकानातून आलो, हातपाय धुऊन पाटावर बसलो, तर बायको माझ्याआधीच जेवून हात धुवायलेली. मी डोळे मोठे केले. ती शांतपणानं म्हणाली, "पाणी मी आणलंय. दळलंय मी. तुमी काय उचललंत ते सांगा, तेवढं वाढते." मोंढ्यातल्या पन्नास अडत्यांना गप्प बसवणारा मी. त्या दिवशी दीड भाकरीवर उठलो.

आता माझं दुखणं काय ते सांगतो, म्हणजे मी उगाच कांगावा करायलोय असं वाटायला नको. मी मूळचा झरीचा. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्याच्या घरी वाढलो. चुलती मला मोजून दोन भाकऱ्या द्यायची. तिसरीकडं नजर गेली की टोपलं झाकायची. तिच्या स्वतःच्या पोरांना टोपलं उघडंच असायचं. मोंढ्यात आलो तो पोती उचलायला. उचलता उचलता भाव शिकलो, भाव बोलता बोलता अडतीचं दुकान टाकलं. पोटाला पुढं काही कमी पडलं नाही. पण माझ्या ताटात बळंच घास टाकून "अजून घ्या, तुमाला आमच्या गळ्याची आण" असं मला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. विकत घ्यायची ती गोष्ट नव्हे. मोंढ्यात ती मिळत नाही.

म्हणून लग्नाच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही. मामांनी विचारलं, तुमचं काय मागणं आहे. मी म्हटलं, हुंडा नको, अंगठी नको, पोशाख नको. जावई म्हणून जेवायला बोलवाल तेव्हा मनापासून वाढा, बास.

मामांचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाले, "त्या कामाला माझ्यासारखा माणूस तुमाला सगळ्या जिल्ह्यात मिळायचा न्हाई."

पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. आवतन आलं. मी नवं धोतर नेसलो आणि सोबतीला मोंढ्यातला माझा दोस्त गोविंदशेठ याला घेऊन बोरीला गेलो. पंगत मोठी होती. पोलीस पाटील होते, शाळेतले दोन मास्तर होते, भावकी होती. चौरंगासमोर माझं पान, भोवती रांगोळी. आधी वाण दिलं. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात, तांब्याच्या ताटात, वर दिवा लावून. मोजून द्यायची ही रीत मामांना फार आवडायची, शास्त्रानं आपलंच म्हणणं मांडलं आहे असं ते म्हणत. अनारसे तेहतीसच होते, एकही कमी नव्हता. फक्त प्रत्येक अनारसा सुपारीएवढा होता.

मग धोंडे आले. पाटलांना चार वाढले. गोविंदशेठ नको नको म्हणत होता, मामांनी त्याचे हात बाजूला सारून पाचवा घातला, वर तुपाची धार सोडली. मास्तरांना तर उचलून खाऊ घालायचं बाकी ठेवलं होतं. माझ्या पानावर दोन आले. ते संपले, अर्धा आला. तोही संपला. मी पानाकडं बघत राहिलो. ज्याच्यासाठी पंगत बसली होती तो जावई मी. मामी धोंड्याचं ताट घेऊन माझ्याकडं वळल्या तर मामांनी माझ्या पानावर आडवा हात धरला.

"जावईबापूंचं झालं," ते म्हणाले.

गोविंदशेठच्या घशात धोंडा अडकला, हसू आवरताना.

मी सौदेकरी माणूस. आवाज न चढवता सुरुवात केली. "मामा, हिसाब कसा धरलाव?"

"तुमचं काम बसून. गादीवर. बसून काम करणाऱ्याला दिवसाचे चोवीसशे. सकाळी तुमी चहा पेलात, वाटेत झरीला चिवडा खाल्लात."

"कुणी सांगितलं?"

मामांनी गोविंदशेठकडं बघितलं. गोविंदशेठ तुपात बघायला लागला.

"माझं काम बसून न्हाई," मी म्हटलं. "मी ओरडतो. सकाळपासून ओरडतो. ओरडायला हरारे लागत न्हाईत का?"

मामा विचारात पडले. त्यांच्या कोष्टकात नांगरणं होतं, कोळपणं होतं, दळणं होतं. ओरडणं नव्हतं. "ते बघावं लागंल," ते म्हणाले. "आज न्हाई सांगता येत."

मग मी आमच्या धंद्यातला डाव टाकला. मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून दाबायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. बाहेरच्यांना काही कळत नाही. मी खांद्यावरचं उपरणं मामांच्या हातावर टाकलं आणि आत त्यांचं एक बोट घट्ट धरलं. एकच धोंडा. चारचौघांत अब्रू राहील.

मामांनी उपरणं उचलून आत वाकून बघितलं. "काय झालं? बोट कामून पिळायलाव? कळ आली का पोटात?"

सगळी पंगत हसली. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी शेवटचं हत्यार काढलं. "तुमचा सगळा हिसाबच खोटा हाय मामा. मामी डाळ कशानं मोजतात? अधोलीनं. अधोली भरली की वर शीग राहती. मापाच्या काठावरचा तो ढीग तुमी धरलाव का? मोंढ्यात आमी शीग धरतो. तुमी न्हाई धरली. इतकी वर्षं कोष्टक चुकायलंय तुमचं."

मामा मामींकडं बघायला लागले. मामींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "शीग तर ऱ्हातीच की. पुसून कोण मोजतंय डाळ, दरिद्र्यासारखं?"

मामा डोळे मिटून पुटपुटले. बोटांवर काहीतरी मोजलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मला वाटलं, जिंकलो.

"शाबास जावईबापू," ते म्हणाले. "शीग धरली तर एका धोंड्यात पुरण लय जास्त भरतंय. म्हणजे तुमाला अडीच न्हाई, दोनच पायजे होते. अर्धा तुमचा वरच झालाय."

मी पानावरून उठलो. आंचवलोसुद्धा नाही. उपरणं झटकलं, चपला घातल्या आणि फाट्यावर जाऊन उभा राहिलो. जावई रुसला की सासरच्यांनी मागं यायचं असतं, मनवायचं असतं. मागं आला तो गोविंदशेठ, तोही हळूहळू, पोटावर हात ठेवून. सर्व्हिस मोटार झरीला थांबली तेव्हा मी उतरून पावशेर भजी घेतली. पहिलं भजं तोंडात टाकलं आणि मनात आकडा आला, साठ. दुसरं, एकशेवीस. मी भज्यांचा पुडा गोविंदशेठच्या मांडीवर आदळला. त्यानं तीही खाल्ली.

आठवडाभरानं भर बाजाराच्या दिवशी मोंढ्यात गाडी लागलेली, करडईचे ढीग पडलेले, आणि मामा दुकानाच्या पायरीवर. आत येऊन एका पोत्यावर बसले. म्हणाले, "ओरडण्याचं बघायला आलोय. तुमी तुमचं चालू द्या."

चालू कसं देणार? मी तोंड उघडलं की ते मान वाकडी करून माझ्या गळ्याच्या शिरा बघायचे. मध्येच उठून माझी नाडी धरायचे. गिऱ्हाईक विचारायचं, शेठ आजारी हायत का? मी चिडून आणखी ओरडायचो आणि मामा समाधानानं मान हलवायचे. दुपारपर्यंत सगळा मोंढा माझ्या दुकानासमोर गोळा झाला होता. मग मी रुमालाखाली एक सौदा केला, तेव्हा ते पुढं वाकले आणि गोविंदशेठला विचारलं, हे काय करायलेत. गोविंदशेठनं त्यांना बोटं धरून सगळं समजावलं, एक म्हणजे एक, बोट दुमडलं तर अर्धं. मामांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले.

निघताना त्यांनी सगळ्यांसमोर निकाल दिला. "ओरडण्याला हरारे लागत्यात. माझी चूक झाली. बोटं दाबायला मात्र काई लागत न्हाईत." मग पिशवीतून पळसाच्या पानाची पुडी काढली, सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. अर्धा धोंडा. सुरीनं सरळ रेषेत कापलेला.

मोंढा असा हसला की बाहेरचे बैल बुजले. माझं नाव त्या दिवसापासून हरारेशेठ पडलं, आजही म्हातारे अडते मला तसंच हाक मारतात. मी तो अर्धा धोंडा खाल्ला नाही. मी म्हटलं, घेईन तर अख्खा घेईन. मामा म्हणाले, "अख्खा बसत न्हाई हिसाबात." तो अर्धाही गोविंदशेठनंच खाल्ला.

आता मला बदला हवा होता. मामांना माझ्या घरी बसवायचं आणि असं वाढायचं की कोष्टक विसरले पाहिजेत. पण तेही जमेना. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आणि मामा ती काटेकोर पाळायचे. परभणीला आले की घरून मोजून आणलेली भाकरी समोरच्या निंबाखाली बसून खायचे आणि नळावर पाणी प्यायचे. मी दारात उभा राहून दात खायचो. मधे मोंढ्यात नवे किलोग्रॅम आले. आम्ही सगळे अडते सुतक लागल्यासारखे बसलो होतो, पण मामा मात्र सगळं कोष्टक पुन्हा मांडायला मिळणार म्हणून पेढे वाटत आले. निंबाखाली बसूनच वाटले.

शेवटी पोरगी झाली. बाळंतपण बोरीला. मी बघायला गेलो तर मामा स्वयंपाकघरातल्या तराजूच्या पारड्यात, मऊ लुगड्यावर, माझ्या लेकीला ठेवून वजन करायलेले. दुसऱ्या पारड्यात नवी वजनं. लेक हातपाय हलवत होती म्हणून काटा स्थिर होईना आणि मामा तिला समजावत होते, "थांब गं माय, हिसाबाच्या वेळंला हसू नये."

बाळ-बाळंतिणीला पोचवायला ते परभणीला आले तो माझा दिवस. मी आचारी लावला होता. पुरणपोळ्या, येळवणीची आमटी, भजी, कुरडया, लोणकढं तूप. गोविंदशेठ साक्षीला. मामा पाटावर बसले, लेकीच्या घरचं पहिलं अन्न, डोळे मिटून नमस्कार केला. मी तुपाचा तांब्या स्वतःच्या हातात घेतला.

पहिली पोळी वाढली, त्यांनी खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली. काटा खिशातून काढला नाही. आकडा बोलले नाहीत. "अजून घ्या," मी म्हटलं. घेतली. मी तूप ओतलं, तेही चाललं. चौथी पोळी अर्धी झाली तेव्हा माझ्या कपाळाला घाम आला. माणूस साठीला टेकलेला. जन्मभर एक भाकरी खाऊन राहिलेलं पोट. माझ्या डोक्यात आकडे आपोआप पळायला लागले, पुरणाचे, कणकेचे, तुपाचे. पाचवी पोळी आचाऱ्यानं पुढं केली आणि माझा हात आडवा गेला, मामांच्या पानावर.

"बास करा मामा," मी म्हटलं.

गोविंदशेठनं घास खाली ठेवला. आतून बायको बाळ घेऊन दारात आली.

"कामून?" मामा म्हणाले.

"चार झाल्या. तूप धरून सोळाशेच्या वर गेलाव."

"येळवणी धरली?"

"धरली."

"कुरडई?"

मी थांबलो. "कुरडई राहिली."

मामा हसले. दात दाखवून हसलेले मी त्यांना तेव्हाच बघितले. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "त्या दिवशी पाटलांचं मी मोजलं न्हाई. या गोविंदशेठचं मोजलं न्हाई."

"तेच तर म्हणतो मी. मोजलंत ते माझंच."

"पाव्हण्यांच्या पोटाशी आपल्याला काय करायचंय? ते सकाळी आपल्या घरी जातेत. तुमी माझ्या लेकीला लय वर्षं लागणार हाव." आणि गोविंदशेठकडं वळून म्हणाले, "राग मानू नका शेठ."

"न्हाई न्हाई," गोविंदशेठ म्हणाला आणि आपल्या पोटाकडं बघायला लागला.

चुलतीही मोजायची, पण ती परक्याचं मोजायची. मी तांब्या धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात मामांनी उपरणं काढलं, माझ्या हातावर टाकलं आणि आत माझं एक बोट धरून दाबलं. एक पोळी.

मी धंद्याचा माणूस. सासरा असला म्हणून काय झालं. मी त्यांचं बोट धरलं आणि दुमडलं. अर्धी.

त्यांनी परत सरळ केलं. मी परत दुमडलं. बराच वेळ उपरण्याखाली झटापट चालली, बायको बाळाला घेऊन हसता हसता खाली बसली. सौदा अर्धीवर पटला. ती पोळी मी सुरीनं कापली, सरळ रेषेत.

मामा गेल्याला आता बराच काळ झाला. माझा तो धोंडा मात्र मला अजून मिळालेला नाही. कारण कळलं म्हणून हक्क सुटत नाही, आणि मामींपाशी ही गोष्ट मी दर अधिक महिन्यात काढत आलो आहे. त्या म्हणतात, "करून देऊ का आत्ता?" मी म्हणतो, "तुमचा नको. त्यांच्याकडं निघतोय तो."

परवा अधिकाचं जेवण माझ्या घरी होतं. त्याच लेकीचा नवरा, सेलूचा, कापसाचा व्यापार करतो, चांगला धडधाकट गडी. पंगतीत सगळ्यांना आग्रह चालू होता. त्यानं चौथ्या धोंड्याकडं बघितलं आणि माझा हात त्याच्या पानावर आडवा गेला. पोराचं तोंड एवढंसं झालं. मग रागानं लाल झालं. त्याच्या डोळ्यांत मला बोरीचा फाटा दिसला.

मी उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि आत त्याचं बोट धरून दुमडलं.

तो उपरणं उचलून आत बघायला लागला. बघू दिलं. अधिक महिना दर तिसऱ्या वर्षी येतो, शिकंल.